अक्रोडाची जोडपानं

खडकी, बुधवार

प्रिय पद्मजा,

रशीदाने तुझा निरोप सांगितला. येत्या रविवारी तुमच्याकडे तुझ्या लग्नाची बोलणी आहेत, होकार देऊ की नकार ते दिगंबरला विचार, असं तू तिला म्हणालीस. मी हातातलं काम करत राहिलो. ती बराच वेळ दारात उभी राहिली आणि जाताना म्हणाली, "एरवी नको तिथे तोंड चालतं तुझं!" तिला वाटलं मला राग आलाय. आला असता तर बरं झालं असतं. जेवतो, झोपतो, कामावर येतो. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात ना, तसं झालंय. गाल आपलाच आहे का, ते हात लावून बघावं लागतं.

कामाचं सांगतो. रशीदाच्या अब्बांकडे, म्हणजे जब्बारचाचांच्या वर्कशॉपमध्ये, एक जुनी रोव्हर गाडी आलीय. तिचा डॅशबोर्ड लाकडी. वरचा अक्रोडाचा पापुद्रा ओल खाऊन उचलला होता. तो खरवडून नवं विनियर चढवायचं काम चाचांनी मला दिलं. कागदासारखं पातळ लाकूड. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेली दोन पानं घ्यायची आणि पुस्तक उघडावं तशी शेजारी-शेजारी लावायची. डावीकडची रेघ मग उजवीकडे आरशात बघावी तशी उतरते. खाली सरस, वर ओलं फडकं, त्यावरून गरम इस्त्री. फिरवत राहायची. "इस्त्री थांबली की लाकूड रुसलं," असं चाचा म्हणतात.

डावं पान सुरेख बसलं. उजवं बसवत होतो, तेवढ्यात गाडीचे मालक आले, हिंदुराव. माणूस मोकळा. आल्या आल्या चाचांना म्हणाले, "जब्बारमियाँ, उरका लवकर. सून ह्याच गाडीतून आणायचीय. बोलणी रविवारी, पण ठरल्यातच जमा. जगतापांची पद्मजा."

माझा हात होता तिथेच राहिला. जळका वास सुटला तेव्हा चाचांनी मनगट धरून इस्त्री उचलली. खाली काळा त्रिकोण. हिंदुराव हसत म्हणाले, "पोरगं प्रेमात पडलंय वाटतं!"

"नाही साहेब," चाचा म्हणाले, "कॉलेजात शिकलेलं आहे."

मग डावं पानही काढावं लागलं, चांगलं असून. दुसऱ्या ओंडक्याचं एकच लावू, कुणाला कळतंय, असं मी म्हणून पाहिलं. चाचांनी चष्म्यावरून बघितलं. "चालवणाऱ्याला नाही कळणार. शेजारी बसणारीला रोज दिसेल." वाफ देऊन देऊन ते पान सोडवलं. सोडवताना शेजारी कोण बसणार ते मला माहीत होतं, आणि तरी काही वाटलं नाही.

तुला ठाऊकच आहे मी कसा आहे. कँटीनमध्ये तुझ्यावरून एकजण काहीतरी बोलला, मी खुर्ची उचलली. प्राचार्य म्हणाले माफी माग, मी परीक्षेवर लाथ मारून घरी आलो. समजवायला आलीस तर तुझ्यावरही खेकसलो. तू मला आवडतेस हेसुद्धा मी ओरडूनच सांगितलं होतं, डेक्कनच्या बसस्टॉपवर. रांगेतल्या बाईंनी तुलाच विचारलं, "काय हो, त्रास देतोय का हा?"

नवी जोडी बसली. आज पॉलिशचा शेवटचा हात मारला आणि एकटाच गाडीत बसलो. शेजारी पेचकस पडला होता. एक ओरखडा ओढला असता तर सगळं काम मातीत गेलं असतं. म्हटलं, आता तरी डोकं फिरेल. नाही फिरलं. पेचकस उचलून जागेवर ठेवला. तेव्हा लक्षात आलं, की मनात तुझ्याबद्दल जे उरलंय ते रागाचं नाही, कुणाला हरवायचं म्हणूनही नाही. म्हणून हे पत्र आजच लिहितोय, राग परत यायच्या आत. पद्मजा, नकार दे. माणसं चांगली आहेत, तरी नकार दे. माझ्याकडे पदवी नाही, चाचांच्या हाताखालचं हे काम आहे, आणि ते मी सोडणार नाही. शनिवारी गाडी येरवड्याला हिंदुरावांच्या बंगल्यावर पोचवतो. रविवारी ते यायच्या आधी मी तुमच्याकडे येतो. तुझ्या वडिलांशी बसून बोलेन, हळू आवाजात. दार तू उघड.

तुझाच,
दिगंबर