मशीन हलतं, मी उभा

२ नोव्हेंबर
मांडीमागचा स्नायू फाटला. सातवीच्या पोरांना लांब उडी दाखवत होतो. पोरं हसली नाहीत. ते जास्त लागलं.
प्रिन्सिपल बाईंनी बोलावून घेतलं. डिसेंबरअखेर मैदानाची एक फेरी धावून दाखवा म्हणाल्या, नाहीतर पीटी बदली सरांकडे आणि तुम्ही लायब्ररीत. उभा जन्म मैदानावर घालवला, आता पुस्तकांवरची धूळ झटकत बसू?

५ नोव्हेंबर
फिजिओकडे गेलो. निघाली कोण, तर माझीच जुनी विद्यार्थिनी. रडूबाई! धावायला लावलं की हमखास रडायची. रडली की मी म्हणायचो, अजून एक फेरी. हे टोपणनावही मीच ठेवलेलं. आता डॉक्टरी कोट घालून मला रोजचं स्ट्रेचिंग शिकवते. ब्रह्मांड आठवतं. जिला धड पळता आलं नाही, ती मला वाकायला शिकवणार!

९ नोव्हेंबर
व्हायब्रेशन मशीन मागवलं. दिसायला वजनकाटा, पण वर उभं राहिलं की अख्खा माणूस थरथरतो. माहितीपुस्तिकेत लिहिलंय, स्नायू मोकळे होतात. म्हणजे व्यायाम मशीन करणार, आपण फक्त उभं राहायचं. बायको म्हणाली, अहो, पुढचं पानही वाचा, त्यावर कसं वाकायचं त्याच्या आकृत्या आहेत. आकृत्या नवशिक्यांसाठी असतात.
संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ.

१७ नोव्हेंबर, सकाळी
प्रगती उत्तम. मशीनवर उभ्या उभ्या चहा घेतला. निम्मा बनियनवर.
फिजिओला फोन करून मुद्दाम सांगितलं. म्हणाली, सर, मशीन चालेल, पण थोडाच वेळ, आणि त्यावर स्ट्रेचिंग करा, नुसतं उभं राहून काही होणार नाही. पेशंट हातचा जातोय म्हणून पोटात दुखतंय, दुसरं काय. तिच्याकडे जाणं बंद.

२८ नोव्हेंबर
जिना उतरताना अजून कळ येते. पायऱ्याच वेड्यावाकड्या बांधल्यात.
बदली सर मैदानावर ओरडत होते, अंग चोरू नका! ते माझं वाक्य आहे. मी हयात असताना वापरायला लाज वाटली पाहिजे.

१२ डिसेंबर
शोध लागला! बराच वेळ मशीनवर राहिलं की दुखणं गायब. उतरल्यावर काही वेळाने परत येतं, पण ते सवयीने असावं. बायको म्हणाली, बधिर होणं वेगळं आणि बरं होणं वेगळं. तिला विचारलं, पीटी शिक्षक तू की मी? ती आत गेली.

२९ डिसेंबर
उद्या फेरी. बेत पक्का. मशीन गाडीत टाकून शाळेत न्यायचं. स्टाफरूममध्ये प्लग आहे. उतरलो की थेट मैदान.

३० डिसेंबर
सगळं बेताप्रमाणे झालं. मी मशीनवर चढलो तसे स्टाफरूममधले कप वाजायला लागले. उतरलो तेव्हा पायात दुखणं नव्हतं. खरं तर पाय आहे की नाही तेच कळत नव्हतं. बाईंनी शिट्टी दिली. पहिल्या वळणापर्यंत वाऱ्यासारखा गेलो. बदली सर म्हणतात, वळण आलंच नव्हतं.
पडलो. तोच स्नायू, पुन्हा, आधीपेक्षा वाईट. बदली सरांनीच उचलून आणलं. पोरं या वेळीही हसली नाहीत.

१० फेब्रुवारी
लायब्ररीच्या किल्ल्या मिळाल्या. खिडकी मैदानाकडे उघडते. बंदच ठेवतो. धूळ येते.
संध्याकाळी बायको फिजिओकडे घेऊन गेली. फिजिओने पाय हळूहळू वर उचलला आणि मला रडू फुटलं. चांगले हुंदके. बायकोदेखत. फिजिओने नॅपकिन दिला, पाठीवर हात ठेवला. मी डोळे मिटून वाट बघत होतो, आता म्हणेल, अजून एकदा.
म्हणालीच नाही. आज एवढं पुरे, सर, म्हणाली.

ते जास्त लागलं.