विषाचे रिकामे डबे

मंगळवार, ८ ऑक्टोबर
वीस! तीनदा मोजले. सकाळी वहीत मीच लिहिलं होतं — प्लास्टिकचे रिकामे डबे एकवीस. लोक घरातून आमच्या केंद्रावर आणून देतात ते. वाळवीच्या, झुरळांच्या औषधांचे. तापल्या गजाने प्रत्येकाच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे पुन्हा कोणी वापरणार नाही. मग ट्रक ते वितळवायला नेतो. एकाला भोक पाडायचं राहिलं आणि मी जेवायला, मक्याची न्शिमा खायला गेलो. परत आलो तर नेमका तोच नाही. पिवळा, वीस लिटरचा.

बुधवार, ९
केंद्राच्या सियामे साहेबांना सांगितलं. हसले. "लुसाकात पिवळे डबे किती, ठाऊक आहे? जा, एकेकाला नाव विचार!" मग हळूच, "वहीत वीस कर."
केलं नाही.

गुरुवार, १०
नामासिकू मावशीकडे गेलो. शनिवारी शेजारच्या मुलीची लग्नाआधीची किचन पार्टी. मावशी बायकांसाठी मुंकोयो, मक्याचं पेय, आंबवते आहे — सहा पिवळ्या डब्यांत! दोन कालच बाजारातून आणलेले.
"हुंगून घेते मी. वास आला की परत."
म्हटलं, त्या विषाला धुतल्यावर वास राहत नाही.
"नोकरी लागल्यापासून तू पाणीसुद्धा घाबरत पितोस, बाबा. चल, वाटेतून सरक."

शनिवार, १२
पार्टीत पुरुषांनी जायचं नसतं. गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं — आमच्या केंद्रातून विषाचा एक डबा सुटलाय, चूक माझी, कोणी पिऊ नका. ढोल थांबला. मावशीने सहाही डबे अंगणात ओतले, माझ्या पायांवर.
"नवरीच्या दारात विषाचं नाव काढलंस! मला पुन्हा मावशी म्हणू नकोस."
पण ओतलं!

रविवार, १३
मावशीचं दार बंद. दोनदा जाऊन आलो.

सोमवार, १४
सकाळीच बायका रांगेने आल्या, घरचे डबे घेऊन. "बघ रे, यातला आहे का?" मिळाला! कवटीचं चित्र अर्धवट खरवडलेलं, बूड शाबूत. मावशीच्या घरचा नव्हे. वहीत नीट लिहिलं.
मग सहज बाकीचे उलटे करून पाहिले. सतरा डब्यांच्या बुडाला मी पाडलेलं भोक — आणि त्यावर वितळलेल्या प्लास्टिकचं ठिगळ.
आमच्या घरातला पाण्याचा डबा उलटा करायचं धाडस होत नाही.