दाढेत दाबलेली पूड

सोमवार
लेकीच्या घरी मुक्काम हलवला आणि आजपासून जावईबापूंच्या कारखान्यात रुजू झालो! ही गेल्यापासून एकटं घर खायला उठायचं. काम सोपं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. आत पांढरीशुभ्र पूड. यकृत किंवा प्लीहा फाटली की भुरभुरायची. ती रक्त पिऊन फुगते, जखम बुजवते नि पुढे शरीरातच विरून जाते. धुकंच जणू! शाळेत शिकवलेल्या धुक्याच्या साऱ्या कविता म्हणून दाखवल्या. मुकादमीण म्हणाली, मास्तरांमुळे यंत्रांचा खडखडाट ऐकू येईनासा झाला.

बुधवार
आज बकऱ्याच्या यकृतावर चाचणी पाहिली. पूड पडताच रक्तावर थरथरती साय धरली. बोट लावलं, कोमट, लिबलिबीत. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

शुक्रवार
दाढ काढली. रक्त थांबेना. इथे कुणाला कापलं की सांडलेल्या पुडीची चिमूट दाबतात, तशी मीही दाबली. झटक्यात थांबलं. परवा नात आत्याकडून परत येते आहे, तिच्यासाठी एक कविता घोटून ठेवली आहे.

रविवार
कविता अर्ध्यावर अडकली. जीभ हिरडीला चिकटते. तोंडात मांस जास्त झाल्यासारखं वाटतं. नातीने नाक धरलं. आजोबांच्या तोंडाला खाटकाच्या दुकानाचा वास येतो म्हणे.

सोमवार
मुकादमिणीने कपाळावर हात मारला. चिमटीनंतर लगेच निळ्या बाटलीतल्या पाण्याने जखम धुवायची, तोंडात असेल तर चूळ भरायची. पोटातल्या जखमेवरही तेच पाणी घालतात, तेव्हाच पूड विरू लागते. सगळेच धुतात, म्हणून मला सांगायचं कुणालाच सुचलं नाही! जावयांनी तोंडात बॅटरी मारली. म्हणाले, ओलं मांस दिसलं की पूड त्याला जखमच समजते. ती कुठे संपते, मी कुठे सुरू होतो, कळत नाही.

मंगळवार
चूळ भरली. विरतंय — पण सगळंच. बेसिनमध्ये गुलाबी गोळे, त्यांत दात. दुखत नाही, त्याचीच शिसारी. जीभ चिमटीत धरली — भिजल्या साबणासारखी — थोडी बोटांनाच राहिली.

मंगळवार, दुपार
आवाज गेला. हिरडीवर पुन्हा साय धरतेय. लेक-जावई डॉक्टरांना आणायला —
नात मांडीवर चढली. आ करा म्हणते, मी बघते. तिचं बोट कापलंय, ताजं रक्त —
मान हलवतो, ती हसते. खेळ वाटतो तिला. हात धरायला बळ नाही — वही पुढे करतो — बाळा, लांब हो — तिला अजून वाचता येत नाही — बोट ओठां—