माझ्यावाचून काही अडत नाही

२ जानेवारी
ठरलं. एमबीए करायचं. नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार, दोन वर्षं. संस्थेची माहितीपुस्तिका आणली. गुळगुळीत कागद. शेवटच्या पानावर फीचा आकडा आहे. तो वाचून थोडा वेळ आडवा झालो. उठून पुन्हा वाचला, तेवढाच होता. पण आत एका पानावर स्पष्ट लिहिलंय की फी हा खर्च नसून गुंतवणूक आहे. छापलंय म्हणजे विचार करूनच छापलं असणार. फोटोतला विद्यार्थी माझ्याहून टकला आहे. वयाचा प्रश्न निकालात.

५ जानेवारी
संकल्प : रोज पहाटे उठून स्टॅटिस्टिक्स. आज जाग आली तेव्हा ऊन टेबलावर आलं होतं. संकल्प नवा आहे, अंगाला कळायला वेळ लागतो.

९ जानेवारी
स्टॅटिस्टिक्स सोमवारपासून. आधी फायनान्स. प्लॅन तयार : थोडी फी स्कॉलरशिपमधून, थोडी बँकेच्या कर्जातून, उरलेली कंपनी भरेल. माझ्या खिशातून शून्य. हे गणित मी डिग्री नसताना केलं. डिग्रीनंतर काय काय करीन या विचारानेच दमलो. अजून तिघांपैकी कोणालाही विचारलेलं नाही.

१५ जानेवारी
मेव्हण्याकडे गेलो होतो. तो बँकेत कर्ज खात्यात. म्हणाला, भाऊजी, द्यायला हरकत नाही, पण हप्ते संपतील तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल. वर तारण विचारलं. मी म्हटलं, माझं भवितव्य. त्याने चहा मागवला. बँकांना व्हिजन नसतं.

२२ जानेवारी
स्कॉलरशिपचं उत्तर आलं. मला शुभेच्छा दिल्या आहेत.

तरीही हातपाय गाळायचे नाहीत. कंपनीची योजना खरी भक्कम आहे. दर वर्षी एका माणसाची अख्खी फी कंपनी देते. आमच्या डिस्पॅच विभागातून आजवर कोणी अर्जच केलेला नाही. म्हणजे स्पर्धा नाही.

२७ जानेवारी
उद्या सीट राखायची शेवटची तारीख. अनामत भरायची, ती परत मिळत नाही. असा नियम डळमळीत लोकांसाठी असतो. कंपनीचे पैसे यायला वेळ आहे, म्हणून हिच्याकडे विषय काढला.

ही घरी कपडे शिवते. कोपऱ्यावरचा गाळा भाड्याने घ्यायचा म्हणून कित्येक वर्षं पैसे साठवतेय. गाळेवाल्याला डिपॉझिट मार्चमध्ये द्यायचंय. म्हणजे फेब्रुवारीभर पैसे नुसते पडून. मी हिला समजावून सांगितलं की पडून असलेला पैसा जागच्या जागी घटत असतो. बरंच बोललो. मार्केटिंग, लीडरशिप, मग मी जनरल मॅनेजर, मग एकाऐवजी दोन गाळे. हिने मशीन थांबवून ऐकलं. एवढंच विचारलं की मार्चपर्यंत परत येतील ना. मी म्हटलं, फेब्रुवारीतच. कपाटातून काढून दिले. मोजूनही घेतले नाहीत मी. विश्वास ही मोठी गोष्ट आहे.

२ फेब्रुवारी
कंपनीच्या अर्जात एक बेरकी प्रश्न आहे. तुमच्या गैरहजेरीत काम कोण सांभाळणार? इथेच लोक घसरतात. छाती फुगवून लिहितात, माझ्यावाचून सगळं अडेल. मग साहेब म्हणतात, बरं, मग नका जाऊ. मी नेमकं उलट लिहिणार : माझ्यावाचून काही अडत नाही. नुसतं लिहिणार नाही, सिद्ध करणार.

४ फेब्रुवारी
माझ्या हाताखालच्या ज्युनियर मुलीला सगळी कामं दिली. ट्रकचं बुकिंग, ड्रायव्हर लोकांच्या कटकटी, ज्याला मी वैतागवाडी म्हणतो ते कटकटं गिऱ्हाईकसुद्धा. तिने घाबरून विचारलं, सर, अडलं तर? मी म्हटलं, समज मी नाहीच. तिने लगेच तसं समजून टाकलं. जरा जास्तच लगेच.

१२ फेब्रुवारी
ट्रक अर्धे रिकामे जायचे ते तिने बंद केलं. एका बाजूच्या ऑर्डरी एकत्र पाठवते. मी हे अनेकदा मनात आणलं होतं. वैतागवाडी आता फोनवर तिलाच मागतो आणि हसतो म्हणे. मी सगळं टिपून घेतोय. रिपोर्टमध्ये घालीन. याला डेलिगेशन म्हणतात.

पुरावा पक्का व्हावा म्हणून दोन दिवस रजा टाकली.

१४ फेब्रुवारी
रजेत ऑफिसचा एकही फोन आला नाही. फार उत्तम. दुपारी मीच केला. शिपाई म्हणाला, मॅडम बिझी आहेत. कोण मॅडम ते कळायला वेळ लागला. स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक उघडलं होतं. उशीला उंची बरोबर आली.

१९ फेब्रुवारी
साहेबांपुढे रिपोर्ट ठेवला. आजवर माझा एकही कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचलेला नाही. हा वाचला. काही ओळी पेनाने अधोरेखित केल्या. दोनदा विचारलं, तुम्ही नसलात तर खरंच काही अडत नाही? मी शपथेवर सांगितलं. उठून हात मिळवला. इतकी वर्षं नोकरी केली, पहिल्यांदा उठले.

येताना चामड्याची बॅग घेतली. मॅनेजरला साजेशी. हप्त्यांवर.

२६ फेब्रुवारी
गाळेवाल्याचं काय झालं म्हणून मीच हिला विचारलं. म्हणाली, बघू. बायकांना घाई नसते हे बरं. पैसे आलेच समज, म्हटलं. ही सुईत दोरा ओवत होती. ओवत राहिली.

२८ फेब्रुवारी
निकाल लागला. कंपनी ज्युनियरची फी भरणार. तोच कोर्स, तेच शनिवार-रविवार. शिफारस म्हणून माझाच रिपोर्ट जोडलाय. साहेब म्हणाले, इतक्या मोकळ्या मनाने हाताखालच्या माणसाबद्दल लिहिणारा पहिल्यांदा पाहिला. डिस्पॅच तिच्याकडे. दोन माणसांची गरज नाही हे मीच सिद्ध केल्यामुळे मी मागच्या गोडाऊनमध्ये. पगार तूर्त तोच.

ती मुलगी येऊन भेटली. डोळ्यांत पाणी. म्हणाली, सर, तुमच्यामुळे. खरंच होतं ते. मी म्हटलं, अभ्यास कर, स्टॅटिस्टिक्स जड असतं.

३ मार्च
गोडाऊनमध्ये एक खुर्ची आहे. बॅग ठेवायला जागा आहे. धोंडा माझ्या पायावर मीच पाडून घेतला, तोही उचलून, नीट नेम धरून. घरी काही बोललो नाही.

५ मार्च
संस्थेत जाऊन आलो. काउंटरवरच्या बाई फार गोड बोलल्या. अनामत परत मिळत नाही. पुढच्या वर्षी सीट हवी असेल तर अजून थोडे भरा. बाहेर आलो आणि बराच वेळ नुसता चालत राहिलो. घरी जायचं जिवावर आलं होतं. हिने तोंड उघडून मागितले असते तरी बरं झालं असतं.

८ मार्च
आज सांगितलं. सगळं. गोडाऊनपासून सांगायला सुरुवात केली, मग मागे मागे गेलो. ओरडेल म्हणून तयारीत बसलो होतो. ओरडली नाही. म्हणाली, तुम्हाला पैसे दिले त्याच दिवशी गाळेवाल्याला नको म्हणून कळवलं. तिथे मोबाइल दुरुस्तीवाला येतोय.

म्हणजे पैसे परत येणार नाहीत हे हिला माहीत होतं. मग दिलेस का, असं विचारलं. म्हणाली, इतकी वर्षं कामावरून येता, जेवता, झोपता. त्या दिवशी किती बोललात. मला वाटलं, बोलू देत.

मला मान वर करवेना. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मग म्हणाली, पुढच्या वेळी बोलायचं असलं तर नुसतं बोला. फी भरू नका.

९ मार्च, रविवार
हिच्या कामाला हातभार लावायचा संकल्प केला. गाळा होईपर्यंत रोज. सकाळपासून बसून शर्टांना बटणं लावून दिली, आठवड्याच्या सगळ्या ऑर्डरी. संध्याकाळी हिने ती एकेक करून उसवली. काज असलेल्या बाजूलाच लावली होती.