टोकदार बूट आणि देऱ्याचा चिखल

देरा, दुबई
जानेवारी १९६४

प्यारी खैरुन्निसा आपा,

धाकट्या जमालचा सलाम. अम्मांचा दमा आणि दुल्हेभाईंचा राग, दोन्ही आता उतरले असतील, इन्शाल्ला.

वाळवंटात कसला हिवाळा, असं तुला वाटेल. पण इथे पाऊस हिवाळ्यातच पडतो आणि मग गल्ल्यांतल्या खारट चिखलात मोठमोठे शेठही आडवे होतात. मी मात्र पडत नाही. माझी पद्धतच आहे: हात खिशाबाहेर, पावलं लहान, तळवा पुरता टेकलेला, बडबड बंद. (कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून डोकंही तिथेच ठेवून आलो असं समजू नकोस. शिवाय भांडण प्रोफेसरांनीच काढलं होतं.) अख्ख्या खोलीला मी हे शिकवलंय.

गेल्या आठवड्यात आपल्या गावचे हमदुल्ला चाचा, म्हणजे अन्वरीचे वडील, कामासाठी इथे उतरले. (अन्वरीचं नाव दोनदा गिरवलंय ते शाई फिकी म्हणून.) त्यांना आणायला मी नवे टोकदार बूट घालून निघालो, तळ आरशासारखा गुळगुळीत. खोलीतला शौकत म्हणाला, "अरे, गावात शेताच्या मेरेवरून जातोस तसा अनवाणी जा की!" भावी सासऱ्यासमोर अनवाणी? त्याला असा झापला की त्याचा चहा गार झाला.

धक्क्यावर बघतो तर चाचा वहाणा हातात घेऊन, अंगठे चिखलात रुतवत, मजेत येतायत. मी म्हटलं, चाचा, ही दुबई आहे, इथे हे शोभत नाही. त्यांना वहाणा घालायला लावल्या, हात घट्ट धरला आणि चालता चालता माझी पद्धत समजावू लागलो. समजावताना माझा दुसरा हात हवेत आणि पावलं लांब पडली असतील, नाही म्हणत नाही. पण ह्याला पडणं म्हणत नाहीत. चाचांना आधार द्यायला मी त्यांच्याआधी खाली गेलो, एवढंच. एक गाढववाला हसला, त्याला बसल्या जागेवरूनच दम भरला.

बाकी खुशाली.

तुझा अभिमानी भाऊ,
जमाल

ता. क. : खरं काम हे. गावी जाणारं दुसरं कोणी नाही, म्हणून पत्र चाचांबरोबरच पाठवतोय. (त्यांचा चष्मा चिखलात गेला, तेव्हा काळजी नाही.) त्यांना चहाला बसवून ठेव, परसातून अन्वरीच्या अम्मांकडे धाव, जमालने चाचांना कसं वाचवलं ते सांग आणि लगोलग मागणी घाल.

ता. क. दुसरा : चाचांनी पाकीट उघडायला लावून सगळं मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाले, "पुढे लिही. पोराने पडताना माझा हात सोडला नाही. सोडला असता तर मी पडलो नसतो." मग माझे बूट उलटे करून तळ बघितला. मग म्हणाले, "आणि निकाहाला हे बूट घालून आलास तर दारातूनच परत पाठवीन."

आपा, निकाहाला म्हणाले! वहाणा पाठव.