तिसरी गाठ

सुन्निवाताई,

तू वारा बांधून दिलेल्या दोरीची तिसरी गाठ काल सुटली. मी नाही सोडली. पहिलीनं झुळूक आली, दुसरीनं शिडं फुगली. तेवढं पुरे होतं. पण आमच्या होडीच्या तांडेलाला, तारल्डला, सगळ्यांच्या आधी मासळी बाजारात टाकायची होती.

मी म्हटलं, "तांडेल, तिसरीत वादळ असतं. ती नसली तर पहिल्या दोन टिकत नाहीत, म्हणून बांधतात. सोडायची नसते, बांधणाऱ्याला परत द्यायची."

"बहिणीनं तुझं धाडस पण बांधून घरीच ठेवलंय का रे?" तो म्हणाला. सगळे हसले. त्यानं गाठ दातांनी सोडली.

काहीच झालं नाही, ताई. शिडं गळाली, समुद्र तेलासारखा पडून राहिला. "फुसकी निघाली," तारल्ड म्हणाला. वल्ही मारत बंदराला आलो तेव्हा म्हातारा ओड्ड हळूच म्हणाला, "पोरा, तुझी बहीण राहते कुठं?"

"उत्तरेला, टोकावरच्या घरात. लेकरू आहे तिचं."

"सुटलेलं वादळ आधी बांधणाऱ्याच्या दारी जातं," एवढंच बोलून तो जाळं आवरायला लागला.

आज सगळे ढग तुझ्याकडे चाललेत. छपरावर दगड ठेव, लेकराला घेऊन तळघरात जा. दार वाजलं तरी उघडू नकोस, माझ्या आवाजात हाक आली तरी.

लिहितोय खरं. पण टपालाची होडी शिडाची आहे, आणि इथं चिलमीचा धूरसुद्धा सरळ वर जातोय.

तुझा धाकटा,
आस्लाक