चंद्रकोरीची खूण

३ जून
फॉर्म मिळाला. चार पानी. 'जीवनाचा दर्जा'. कापडाचा दर्जा मी चिमटीत धरून सांगते. जीवनाचा कसा सांगायचा ते डॉक्टरीणबाईंनाच ठाऊक. "मनापासून भरा हं," म्हणाल्या. भरते की. पेन धरवेल तोवर.

तीन वर्षं झाली. माझंच शरीर माझ्याच नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. सकाळी मी पैलवान. दुपारी चारला पापण्या शटर पाडतात आणि एकाच्या जागी दोन दोन दिसतं. महागाईत तेवढीच चंगळ!

५ जून
प्रश्न ११: आजाराचा कामावर किती परिणाम झाला? 'अजिबात नाही'वर टिक केली. उगाच नाही. सहा महिन्यांत माझा शर्टांचा एकही गठ्ठा शिलाईवाल्या बायकांकडून परत आलेला नाही. चारनंतर खडूच्या दोन रेघा दिसतात, तेव्हा मी एक डोळा मिटते आणि कात्री चालवते. वीस वर्षं कटिंग करतेय, हाताला पाठ आहे.

नवरा डोकावला. "खरं लिही," म्हणाला. स्वतःचा उसवलेला खिसा ज्याला दिसत नाही, त्याने मला शिकवावं.

९ जून
कारखान्यात कापायचं मशीन येतंय. तीस तारखेनंतर कटर एकच राहणार — मी, नाहीतर शेजारच्या टेबलावरचा ढिम्म. नाव मीच ठेवलंय. हल्ली फारच रेंगाळतो. मी सहाला निघते, हा तिथेच. शिवाय त्याच्या टेबलाखाली वाया गेलेल्या कॉलरींचं पोतं! "कापड काय फुकट येतं?" मालक सगळ्यांसमोर ओरडले. तो खाली मान घालून उभा. मला मेलीला बरं वाटलं.

१७ जून
आजपासून तीन दिवस दवाखान्यात, हाताला नळी लावून. बाजूची बाई म्हणाली, "तुम्ही तर धडधाकट दिसता." म्हटलं, हो, हवापालटाला आलेय.

२२ जून
मी राहणार, ढिम्म जाणार. "तुमचा हात अजून पहिल्यासारखाच आहे," मालक म्हणाले. घरचा जिना एका दमात चढले.
खोटं. दोनदा बसले.

२४ जून
गठ्ठे मोजत होते. आमच्याकडे प्रत्येक कटर आपल्या गठ्ठ्यावर खडूने खूण करतो, चुकलं तर कोणाला धरायचं ते कळावं म्हणून. माझी चंद्रकोर. एका गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर तारीख १८ जून. खाली चंद्रकोर.

अठराला मी दवाखान्यात होते.

ढिम्मच्या टेबलाखालचं पोतं ओढलं. वरच्या कॉलरी उलगडल्या. खडूची रेघ माझी, टोकाला वळण देऊन काढलेली. कात्री मात्र रेघेच्या बोटभर आत गेलेली. एक नाही, दोन नाही, पोतंभर.

"तुम्ही गेल्यावर नवीन कापून ठेवतो आणि तुमची खूण करतो," ढिम्म म्हणाला. "अठराला तुम्ही नव्हतात, तरी सवयीने तीच खूण केली. ताई, चारपर्यंत तुमच्यासारखं कोणी कापत नाही हो."

सहा महिने माझ्या वाटच्या शिव्या हा खात होता, आणि मी मजा बघत होते. लाज वाटली. रडले तिथेच, कॉलरीत तोंड खुपसून.

२५ जून
प्रश्न ११ खोडला. 'खूप'वर टिक. मग सकाळी दहाला पोतं मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. एकटीने उचललं. सकाळी मी पैलवान असते.